जागा धरायला ठेवलेला आवाज

४ मार्च

ताई,

नमस्कार, तब्येत कशी आहे, घरी सगळे बरे ना, हे सगळं लिहिलंय असं समज. फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं पान वाच. फोनवर तू मला बंद करून टाकलंयस. भाऊजींना फोन केला की ते “सांगतो हं तिला” म्हणतात आणि काही सांगत नाहीत. म्हणून शाळेच्या पत्त्यावर लिहितेय. गणिताच्या बाईंना आलेलं पत्र तिथे कोणी उघडणार नाही.

मुद्द्याचं आधी सांगते. माझं नवीन गाणं येतंय आणि त्यात तुझा आवाज आहे.

थांब, ओरडू नकोस. कसा आला ते ऐक. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी तुझ्या फोनवर एक चाल पाठवली होती, आठवतं? आईला ऐकव म्हटलं होतं. तू ऐकवलीस आणि तिचं मत रेकॉर्ड करून मला धाडलंस. आई म्हणाली, “बरी आहे, पण पुढे काय?” बस, एवढंच. जन्मभर तिने माझ्या प्रत्येक गोष्टीला हेच विचारलं. पण तू रेकॉर्डिंग बंद करायला विसरलीस, ताई. फोन उशाशी ठेवलास आणि तिचे पाय चेपता चेपता तीच चाल गुणगुणायला लागलीस.

तू! शाळेत गाण्याच्या बाईंनी “तू नुसते ओठ हलव गं” म्हटलं, तेव्हापासून वाढदिवसाच्या गाण्यालाही जी नुसत्या टाळ्या वाजवते, ती तू! तिसरा सूर वर जायला हवा, तो तू दर वेळी खाली नेलास, अगदी इमानाने. आणि आई ऐकत ऐकत झोपली. तिचा श्वास लांब होत जातो, ते त्यात ऐकू येतं.

मी ते ठेवून दिलं होतं. मग गाणं करायला बसले तेव्हा सुरुवातीची जागा रिकामी होती. आमच्यात असं करतात, की जिथे पुढे व्हायोलिन किंवा बासरी येणार असते तिथे तोवर काहीतरी टाकून ठेवायचं, नुसतं जागा धरायला. कोणी शिट्टी वाजवतं, कोणी टेबल. मी तुझं गुणगुणणं टाकलं. नंतर काढायचंच होतं. पण कच्चं गाणं कंपनीने घाईने मागवलं, मी पाठवून दिलं आणि ते तसंच गेलं.

उद्या मीटिंग आहे. मी काढायला लावते. काही काळजी करू नकोस, उगाच दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून लिहिलं. आणि आपल्या भांडणाबद्दल या पत्रात मी एक अक्षर लिहिणार नाही. “एक तर राहा, नाहीतर येऊच नकोस” असं कोण म्हणालं होतं ते तुलाही ठाऊक आहे. मी आपलं ऐकलं, आले नाही, आणि आई गेली. बघ, लिहिलंच.

तुझी चिमी

११ मार्च

ताई,

काढत नाहीयेत.

मी तुला तिथली खोली दाखवते. लांब टेबल, चारी बाजूंना काचेच्या भिंती. आत कोण काय करतंय ते बाहेर सगळ्यांना दिसतं, म्हणून तिथे कोणी ओरडत नाही. सगळे अगदी गोड बोलतात. टोकाला मालक. त्यांच्या शेजारी प्रमोशनच्या मॅडम, गाणं लोकांपर्यंत कसं न्यायचं ते या ठरवतात. माझ्या बाजूला आमचा अरेंजर, गाण्यात वाद्यं आणि ताल बसवणारा. त्याला मी आपला माणूस समजत होते.

गाणं लावलं. तुझा आवाज सुरू झाला तसे मालकांनी डोळे मिटले. मला वाटलं, वैतागले. संपल्यावर म्हणतात, “हे सोनं आहे.”

मी म्हटलं, अहो, ते जागा धरायला आहे, तिथे व्हायोलिन येणार. मी स्वतः एका वादकाला बोलावून ते वाजवून घेतलं होतं, ते ऐकवलं. मालकांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, “छान. मला झोप आली.” मॅडम म्हणाल्या, “सुरात गाणारे ढिगाने पडलेत हो. न गाणाऱ्यालाही आता मशीन सुरात आणतं. चुकणारं माणूस कुठे मिळतंय?” आणि आपला अरेंजर, ज्याला मी दोन वर्षं कॉफी पाजतेय, तो मान डोलावत होता! त्याने म्हणे तुझ्या त्या खाली गेलेल्या तिसऱ्या सुराभोवतीच सगळा ताल बसवलाय. तो काढला तर गाणं लंगडं पडतं.

मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “तो माझ्या बहिणीचा आवाज आहे. आमची आई शेवटच्या दुखण्यात होती, तिला ती झोपवत होती. आता वापरा बघू!”

मला वाटलं होतं, शरमतील. ताई, मॅडमनी वही उघडली. “बहीण गाते का?” “नाही.” “कधीच नाही?” “नाही.” “अरे वा,” म्हणाल्या आणि लिहून घेतलं. काचेच्या पलीकडून पाहणाऱ्याला वाटलं असेल, माझं केवढं कौतुक चाललंय.

मी म्हटलं, मग हे गाणंच नको. त्यावर मालक अगदी मायेने म्हणाले, “गाणं आता तुमच्या एकटीचं राहिलं नाही ना.” ते खरं आहे. एकदा हातात दिलं की त्यात काय राहणार, काय जाणार आणि ते लोकांपुढे कसं न्यायचं, हे सगळं त्यांचं. मी सही केलीय. सही करताना मला एवढा आनंद झाला होता की मी वाचलंच नव्हतं. तू असतीस तर एकेक ओळ वाचली असतीस आणि मला तिथेच बसवून ठेवलं असतंस.

एकच गोष्ट त्यांनी काढली. आईचा श्वास. मागे फुसफुस येते म्हणून साफ केला. ते मशीन चालवणारा म्हणाला, “बघा, कसं स्वच्छ झालं.” मी बघितलं.

चिमी

२ एप्रिल

ताई,

माझी दोन्ही पत्रं मिळाली असतील. तुझं उत्तर नाही, म्हणजे मिळाली.

गाणं आलं. तू ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. पण न ऐकून जाशील कुठे! तुझ्या लेकीने मला सांगितलं की मधल्या सुट्टीत अर्धी शाळा तेच गुणगुणते. (तिला रागावू नकोस, ती माझ्याशी चोरून बोलते ते माझ्या बाजूची म्हणून नाही, तिला फुकट तिकिटं हवी असतात.) ती म्हणाली, “मावशी, मला पहिल्या सेकंदाला कळलं ती आई आहे. मी कोणाला सांगितलं नाही.” शहाणी पोर आहे. तुझ्यावर गेलीय.

या मॅडमनी काय काढलंय माहितीये? “बेसूर व्हा!” लोकांनी आपापला व्हिडिओ काढायचा आणि तुझ्यासारखं गुणगुणायचं. तिसऱ्या सुराला खाली पडायचं आणि पडल्यावर हसायचं. न्हावी गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासून गातोय. लग्नाच्या कपड्यांतली एक नवरी, एक दाढीवाला बस ड्रायव्हर. कोणाचातरी पोपट. पोपट सुरात गायला, त्याला लोकांनी नापास केलं. तिथे मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

या असल्या प्रमोशनला मी जात नाही म्हटलं. मग मॅनेजरचा फोन आला, “कागदावर लिहिलंय, यावं लागेल.” पुढची आठ गाणी तयार होऊन पडलीत. मी हट्ट केला तर ती कपाटातच राहतील आणि मी दुसरीकडेही गाऊ शकणार नाही. म्हणून गेले. रेडिओवर गेले.

तिथला मुलगा गोड होता बिचारा. “मॅडम, एकदा होऊन जाऊ दे! ते बेसूर!” मी माइकसमोर गुणगुणले, आणि तिसरा सूर बरोबर लागला. तो हसला. “मॅडम, चुकवा ना!” मी पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. ताई, देवाशपथ, मी मुद्दाम नाही केलं. माझा गळा तिथे खाली जातच नाही. पाच वर्षांची असल्यापासून मला जे शिकवलं ते घट्ट बसलंय. मी इतकी ओशाळले. तो शेवटी म्हणाला, “चला, श्रोतेहो, या बाईंना जमत नाही, तुम्ही करून दाखवा,” आणि फोन वाजायला लागले. एकामागून एक सगळे चुकत होते, मजेत. मी कानाला हेडफोन लावून खाली मान घालून बसले होते.

तुला लहानपणी घरात सगळे गप्प करायचे ना. मी रियाजाला बसले की आई म्हणायची, “ताई, तू जरा तोंड बंद ठेव, तिचा सूर हलतो.” तू ताटं मांडतानासुद्धा आवाज करायची नाहीस. आता बघ.

अजून तुझं नाव कोणाला माहीत नाही, एवढंच समाधान. नाव बाहेर पडू देणार नाही. शब्द देते.

चिमी

१९ एप्रिल

ताई,

माझ्या शब्दाची किंमत काय, ते ऐक.

आता त्यांनी “ती कोण?” असं सुरू केलंय. ठिकठिकाणी मोठे फलक लावलेत, त्यावर काही नाही, नुसतं “ती कोण?” लोक अंदाज करतायत. कोणी म्हणतं, एखादी म्हातारी नटी असेल. कोणी म्हणतं, मीच मुद्दाम चुकून गायलेय. मे महिन्यात मोठ्या सभागृहात माझा कार्यक्रम आहे, तिथे पडद्यावर तुझा फोटो लावून तुझं नाव सांगायचं, असं ठरलंय. मॅडम म्हणाल्या, “लोकांना आवडेल हो! साधी शिक्षिका!” साधी म्हणे. तुझ्या वर्गात एक तास बसवायला हवी हिला.

मी वकीलबाईंकडे गेले. बाई चांगल्या आहेत, फार बोलत नाहीत. त्यांनी सगळे कागद वाचले आणि म्हणाल्या, “तुमच्या हातात काही नाही. आवाज ज्यांचा आहे त्यांच्या हातात आहे.” म्हणजे तू. तुझी परवानगी कोणी घेतलेलीच नाही. तू एक ओळ लिहून हरकत घेतलीस की त्यांना गाणं मागे घ्यावं लागेल. व्हिडिओ, फलक, पोपट, सगळं बंद.

मला उठून नाचावंसं वाटलं. एवढे दिवस मी डोकं आपटत होते आणि किल्ली तुझ्या पर्समध्ये!

वकीलबाईंनी कागद तयार करून दिलाय, या पत्रासोबत आहे. तू फक्त सही कर आणि त्यांच्या पत्त्यावर पाठव. माझ्याशी बोलायची गरज नाही, मला कळवायचीही गरज नाही. खाली वकीलबाईंचा नंबर आहे, काही शंका असेल तर त्यांना विचार.

आणि माझं काय होईल म्हणशील, तर काही होणार नाही. थोडे फुगतील, मग विसरतील. त्यांच्याकडे गायिका काय कमी आहेत? माझी काळजी करायचं तू कधीच सोडलंयस, तरी सांगून ठेवते.

तुझ्या मुलांसमोर तू फळ्यावर गणित मांडत असशील आणि मागून कोणीतरी गुणगुणेल, आणि त्याला माहीत असेल की ही बाईच ती, हे मला सहन होत नाही. सही कर, ताई. तुला माझा राग आहे ना? मग राग म्हणून कर.

चिमी

२८ एप्रिल

ताई,

अगं सही कर ना!

वकीलबाईंना रोज विचारते. रोज “नाही आलं” म्हणतात. आज तर जरा तुटकच बोलल्या. पत्र पोचलंय, तुझ्या लेकीने पाहिलंय. तू ते पर्समध्ये घेऊन फिरतेस म्हणाली, बस स्टॉपवर काढून वाचतेस.

एवढं काय वाचायचं आहे त्यात? तू बाजारातून आणलेल्या दोऱ्याच्या रिळावरचंसुद्धा वाचतेस, माहीत आहे मला. पण दिवस संपत आले गं. त्यांनी तुझा फोटो कुठूनतरी मिळवायला सुरुवात केलीय. मी दिला नाही. मी देणार नाही. पण आजकाल फोटो मिळवायला माझी गरज लागते थोडीच.

मी हात जोडते. खरंच जोडलेत, पेन खाली ठेवून.

चिमी

९ मे

ताई,

कळलं मला.

आज मालकांनी बोलावलं होतं. मी गेले तर सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मला काही समजेना. मालक म्हणाले, “भारी बहीण आहे हो तुमची!” तू वकीलबाईंना हरकत पाठवलीच नाहीस. तू सरळ कंपनीला परवानगी पाठवलीस. आवाज वापरा, नाव सांगा. फोटोही जोडलास, शाळेच्या ओळखपत्रावरचा, ज्यात तू कोणावर तरी रागावलेली दिसतेस.

मी तिथूनच वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “तुमच्या बहिणीचा मला फोन आला होता. त्यांनी एकच विचारलं, मी हरकत घेतली तर चिमीचं काय होईल. मी खरं ते सांगितलं.”

म्हणजे तुला सगळं कळलंय. गाण्यातल्या सगळ्या आवाजांची परवानगी मी घेतलीय असं मी लिहून दिलं होतं, ते खोटं ठरलं असतं. आठही गाणी गेली असती आणि कितीतरी वर्षं मला कुठे गाता आलं नसतं. मी तुला लिहिलं होतं की काही होणार नाही. तुझ्याशी खोटं बोलायला मला कधी जमलंय का? लहानपणी कपबशी मी फोडायची आणि तू नुसतं माझ्याकडे बघायचीस.

ताई, काय बोलू? तू हे माझ्यासाठी केलंस. एवढं जर केलंस तर तुझा राग... मी लिहायला घाबरतेय. पण विचारते. येशील का गं कार्यक्रमाला? स्टेजवर नाही बोलावणार, आईशपथ. कोणाला तुझ्याकडे बोट करू देणार नाही. पहिल्या रांगेत डाव्या कडेला एक खुर्ची ठेवायला सांगितलीय, तिथून दरवाजा जवळ आहे. आवडलं नाही तर उठून जा. तुझी परवानगी बघायला मागितली, तर मालक म्हणाले, “आहेत एकदोन छोट्या अटी, आम्ही बघतो, तुम्ही गाण्याकडे लक्ष द्या.” अटी असणारच. तू बिनअटीचं कधी काही केलंयस?

मी त्या दिवशी निळा ड्रेस घालणार आहे. तुला आवडतो तो. येच.

चिमी

३० मे

ताई,

कार्यक्रम झाला. तुला तुझ्या लेकीने सगळं सांगितलं असेल, पण तिने ते व्हिडिओत पाहिलंय. मी तिथे उभी होते.

दिवे घालवले. पडद्यावर तुझा तो रागावलेला फोटो आला, इमारतीएवढा मोठा. निवेदकाने तुझं नाव घेतलं, शाळेचं नाव घेतलं. मग टेपवर तुझा आवाज सुरू झाला आणि सगळं सभागृह तुझ्याबरोबर गुणगुणायला लागलं. तिसऱ्या सुराला सगळे एकदम खाली आले. पण हसले नाहीत गं. मला वाटलं होतं हसतील. फोटोकडे बघून की काय कोण जाणे, एवढ्या मोठ्या जागेत कोणी हसलं नाही. मला तेवढ्या वेळात काही काम नसतं, माझं गाणं त्यानंतर सुरू होतं. मी माइक खाली धरून डाव्या कडेची खुर्ची बघत होते. कोणीतरी तिच्यावर कॅमेऱ्याची बॅग ठेवली होती.

माझी सुरुवात चुकली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. वादकांनी सांभाळून घेतलं.

आणि परवा तुझ्या लेकीने फोन केला. म्हणाली, सुट्टीतल्या जादा तासाला तू वर्गात शिरलीस तर पोरं उभी राहिली आणि सगळ्यांनी मिळून ते गुणगुणलं. शेवटपर्यंत. तू खडू हातात घेऊन, फळ्याकडे पाठ करून, त्यांच्याकडे बघत थांबलीस. झाल्यावर म्हणालीस, “झालं? आता वही काढा.” आणि गणित घातलंस. मी तिला विचारलं, “आईचा चेहरा कसा होता?” ती म्हणाली, “मावशी, नेहमीसारखाच.” मी पुन्हा विचारलं, घरी आल्यावर? तर म्हणाली, “घरी आल्यावर ताटं मांडली. आवाज न करता.” ती सहज बोलली. तिला काय माहीत.

मी फोन ठेवला आणि तशीच कंपनीत गेले. म्हटलं, मला ती परवानगी दाखवा. आधी टाळाटाळ केली. मग मॅडमनी कागद टेबलावर सरकवला. तुझंच अक्षर, फळ्यावरच्यासारखं मोकळं. “माझा आवाज वापरायला, नाव आणि फोटो द्यायला माझी हरकत नाही. याबद्दल मला काही नको. माझ्या बहिणीची पुढची गाणी अडवू नयेत. माझी आणि तिची भेट घडवून आणू नये. फोन जोडून देऊ नये.” खाली सही.

मी ते वाचत असताना मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “तुमचं दोघींचं पटत नाही होय? अहो, आधी सांगायचं ना! केवढी गोष्ट झाली असती त्याची.” काचेपलीकडून कोणीतरी मला बघून हात हलवला, मीही हलवला.

ताई, मला तुझ्यासाठी काही करता येईना. काढता आलं नाही, लपवता आलं नाही. तुझ्याकडून हरकतसुद्धा घेववली नाही. उलट तूच मला वाचवलंस, आणि वाचवून दार लावून घेतलंस. आता मी गावोगाव जाते, दर कार्यक्रमात तुझा आवाज लावतात, मी त्याच्यानंतर सुरुवात करते. लोक मला म्हणतात, बहिणींचं प्रेम असावं तर असं. मी हो म्हणते. काय सांगू त्यांना?

मी त्या कागदाची प्रत मागून घेतली. घरी आणून मागून-पुढून वाचली. भेट नको लिहिलंयस. फोन नको लिहिलंयस. पत्राचं काही लिहिलेलं नाही. आणि तू काही लिहायचं विसरशील, असं मला वाटत नाही. म्हणून हे पाठवतेय.

तुझी चिमी